अर्धवट अपडेटमुळे बंद पडलेला राउटर पुन्हा चालू करण्याची रीत

शेतीच्या व्यवहारातील अनेक कामे आता इंटरनेटवरून होतात. सातबारा उतारा काढणे, पीक विम्याचा अर्ज भरणे, महाडीबीटीवर औजारे किंवा ठिबक संचासाठी मागणी नोंदविणे, बाजारभाव व हवामानाचा अंदाज पाहणे ही कामे शेतकरी घरी अथवा गावच्या सेवा केंद्रात करतात. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची ई-पीक पाहणीची योजनाही १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर अमलात आली. या कामांपैकी बहुतेकांना मुदत असते. अशा वेळी घरातील अथवा केंद्रातील राउटर बंद पडला तर नुकसान केवळ यंत्राच्या किमतीपुरते राहत नाही.

राउटर बंद पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक कारण असे आहे की, त्यात यंत्र मोडलेले नसते, परंतु मेल्यासारखे दिसते. राउटरमधील मूळ प्रोग्रॅम, ज्यास फर्मवेअर म्हणतात, तो नवा करीत असताना काम अर्धवट राहिले म्हणजे हा प्रकार घडतो. धुळे शहराचे देवपूर हे उपनगर आणि पांझरेच्या काठची गावे येथे मे-जून महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर वीज जाणे ही नित्याची गोष्ट आहे. नेमक्या त्याच क्षणी अपडेट चालू असेल तर राउटर पुन्हा उठत नाही. दुकानात "हा गेला, नवा घ्या" असे ऐकावे लागते व हजार-दोन हजार रुपये खर्च होतात. वास्तविक अशा राउटरांपैकी पुष्कळसे एक केबल, एक संगणक आणि योग्य फाइल यांच्या साहाय्याने पुन्हा चालू करता येतात. ते कसे करावे, कोणत्या राउटरला हात लावू नये आणि हा प्रसंगच येऊ नये म्हणून काय खबरदारी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

राउटरच्या आत काय असते

राउटर हा एक लहानसा संगणकच होय. त्यात गणना करणारी चिप असते, वीज असेपर्यंतच टिकणारी रॅम नावाची स्मृती असते आणि वीज गेली तरी मजकूर राखून ठेवणारी फ्लॅश नावाची स्मृती असते. फर्मवेअर या फ्लॅश स्मृतीत साठविलेले असते.

फ्लॅश स्मृतीचे भाग पाडलेले असतात. आपल्याकडे अनेक घरांत वापरल्या गेलेल्या टीपी-लिंक कंपनीच्या ८४१ एन या राउटराच्या नवव्या आवृत्तीचे उदाहरण घेऊ. त्यात एकूण ४ मेगाबाइट, म्हणजे ४०९६ किलोबाइट फ्लॅश असते. आरंभीच्या १२८ किलोबाइटांत बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. अखेरच्या ६४ किलोबाइटांत त्या विशिष्ट राउटरच्या रेडिओची कारखान्यात घेतलेली मोजमापे असतात. मधल्या ३९०४ किलोबाइटांत फर्मवेअर व आपण केलेल्या मांडण्या, जसे वायफायचे नाव व पासवर्ड, साठविलेल्या असतात. इतर कंपन्यांच्या राउटरांत आकडे वेगळे असले तरी रचना साधारण अशीच असते.

वीज सुरू होताच प्रथम बूटलोडर जागा होतो. तो यंत्र तपासतो, फर्मवेअर वाचून रॅममध्ये आणतो आणि पुढील कारभार त्याच्या हाती देतो. फर्मवेअर सदोष आढळल्यास बूटलोडर तेथेच थांबतो किंवा पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतो.

पांझरा नदीवरील जुन्या फड पद्धतीच्या सिंचनाची ज्यांना माहिती आहे त्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. बंधाऱ्यावरून पाणी पाटात येते, पाटातून चाऱ्यांनी फडात जाते. चारी फुटली तर फडास पाणी मिळत नाही हे खरे. परंतु त्यामुळे बंधारा वाहून गेला असे होत नाही. बंधारा शाबूत असेल तर चारी बांधून घेऊन पाणी पुन्हा सोडता येते. राउटरमध्ये बूटलोडर हा बंधाऱ्याच्या जागी आहे. कंपनीचे नेहमीचे अपडेट बहुधा मधल्या भागावर लिहिले जाते व बूटलोडरला हात लावीत नाही. म्हणूनच अपडेट फसले तरी बूटलोडर बहुतेक वेळा वाचतो आणि त्याच्या मार्फत नवे फर्मवेअर भरता येते. या लेखातील सर्व उपाय या एका गोष्टीवर आधारलेले आहेत.

अपडेट फसते कशामुळे

फ्लॅश स्मृतीवर नवा मजकूर लिहिण्यापूर्वी जुना पुसावा लागतो. पाटीवर अक्षर गिरवावे तसे जुन्यावर नवे लिहिता येत नाही. हे पुसणे व लिहिणे ठरावीक आकाराच्या गटांनी होते. पुष्कळ राउटरांत असा एक गट ६४ किलोबाइटांचा असतो. काही गट नवे लिहून झाले, काही पुसले गेले आणि काही जुनेच राहिले, अशा अवस्थेत वीज गेली तर फर्मवेअर ना जुने राहते ना नवे होते.

वीज जाण्याखेरीज आणखी तीन कारणे वारंवार आढळतात. पहिले, फाइल दुसऱ्याच आवृत्तीची असणे. एकाच नावाच्या राउटरच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत आतील चिपा निराळ्या असू शकतात, म्हणून एकीची फाइल दुसरीस चालत नाही. दुसरे, फाइल अपुरी उतरविली जाणे. तिसरे, अपडेट वायफायवरून करणे व मध्येच संपर्क तुटणे.

ज्या राउटरांस हात लावू नये

हल्ली फायबरच्या जोडणीबरोबर जे यंत्र मिळते ते बहुधा इंटरनेट कंपनीच्या मालकीचे असते. त्यास फायबरची बारीक तार थेट जोडलेली असते. अशा यंत्राचे फर्मवेअर कंपनी दुरून बदलते व त्याची नोंदणी कंपनीच्या केंद्रात असते. ते बंद पडल्यास कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि यंत्र बदलून मागावे. ग्रामपंचायतीत बसविलेले शासकीय योजनेचे यंत्रही कोणी परस्पर उघडू नये. ज्या राउटरची हमी मुदत संपलेली नाही तो प्रथम कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवावा. पुढील रीत स्वतः विकत घेतलेल्या व हमी संपलेल्या राउटरसाठी आहे.

घाई करू नये

अपडेट चालू असताना राउटर काही मिनिटे निपचित वाटतो. या वेळी तो बंद करून पुन्हा चालू केल्यास चांगले चाललेले कामही बिघडते. म्हणून किमान १५ मिनिटे वाट पाहावी. त्यानंतरही तो चालू न झाल्यास वीज काढून एक मिनिटाने पुन्हा द्यावी व आणखी पाच मिनिटे थांबावे.

यानंतर रिसेटचे बटण टाचणीने दहा सेकंद दाबून धरावे व सोडावे. कित्येकदा नवे फर्मवेअर नीट बसलेले असते, मात्र जुन्या मांडण्या त्यास मानवत नाहीत. रिसेटने त्या पुसल्या जातात व राउटर चालू होतो. अपडेटनंतर राउटरचा पत्ता बदलतो असेही घडते. पूर्वी १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडणारे पान आता १९२.१६८.१.१ वर उघडत असेल, तेही पाहावे.

दिव्यांवरून निदान

एकही दिवा लागत नसेल तर दोष फर्मवेअरचा नसून बहुधा ॲडॉप्टरचा असतो. ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट व ॲम्पिअर राउटरच्या तळाशी लिहिलेल्या आकड्यांशी जुळतात काय ते पाहावे. व्होल्ट तेवढेच असावेत. ॲम्पिअर तेवढे किंवा अधिक असावेत. मल्टिमीटरने मोजणे अधिक चांगले. ॲडॉप्टर क्षीण झाल्यास दिवे लागतात, पण वायफाय सुरू होताच वीज अपुरी पडून राउटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वरकरणी हा अपडेटचाच दोष वाटतो. सबब, फर्मवेअरच्या मागे लागण्यापूर्वी दुसरा चांगला ॲडॉप्टर लावून पाहणे इष्ट होय.

सर्व दिवे एकदम लागून विझत असतील व हा क्रम ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा होत असेल, तर बूटलोडर जिवंत असून त्याला चांगले फर्मवेअर सापडत नाही असे बहुधा समजावे. हे लक्षण आशादायक आहे.

केवळ विजेचा दिवा स्थिर लागलेला असेल व अन्य काहीच हालचाल नसेल, तर आणखी एक परीक्षा करावी. संगणक केबलने राउटरला जोडून त्यास त्याच पट्ट्यातील स्थिर पत्ता द्यावा आणि राउटरच्या पत्त्यावर सतत पिंग पाठवीत राउटरची वीज चालू करावी. आरंभी दोन-चार सेकंद उत्तर येऊन ते थांबले तर तो क्षण बूटलोडरचा होय. ब्रॉडकॉम कंपनीची चिप असलेल्या अनेक राउटरांत या उत्तरात टीटीएल १०० असा आकडा दिसतो, तर फर्मवेअर चालू झाल्यावर तोच आकडा ६४ दिसतो. मात्र काही राउटरांचा बूटलोडर बटण दाबल्याशिवाय उत्तरच देत नाही. तेव्हा पिंगला उत्तर नाही म्हणून निराश होऊ नये.

लागणारे साहित्य

१. केबलची जागा असलेला संगणक किंवा लॅपटॉप. नव्या लॅपटॉपला अशी जागा नसल्यास यूएसबीला लावायचा लॅन ॲडॉप्टर घ्यावा. हे काम वायफायवरून होत नाही, कारण बूटलोडरला वायफाय चालविता येत नाही.

२. चांगल्या अवस्थेतील लॅन केबल.

३. राउटरच्या तळावरील चिठ्ठीप्रमाणे नमुना क्रमांक व आवृत्ती यांस जुळणारी फर्मवेअर फाइल. ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. राउटर बंद असल्याने मोबाइलच्या इंटरनेटवरून फाइल उतरवून घेऊन तारेने लॅपटॉपवर घ्यावी. फाइल झिप स्वरूपात असल्यास उलगडून आतील मूळ फाइल काढावी आणि तिचा आकार संकेतस्थळावरील आकाराशी ताडून पाहावा.

४. टीएफटीपी सर्व्हर हा छोटा विनामूल्य प्रोग्रॅम. विंडोज संगणकावर टीएफटीपीडी ६४ या नावाचा प्रोग्रॅम पुष्कळ लोक वापरतात.

५. शक्य असल्यास राउटर व संगणक या दोहोंसाठी बॅटरीचा आधार. दुरुस्ती चालू असताना वीज गेल्यास सर्व श्रम पुन्हा करावे लागतात.

टीएफटीपी या पद्धतीविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. संगणकांमध्ये फाइल पोहोचविण्याची ही अतिशय साधी रीत १९८१ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तीत फाइलचे ५१२ बाइटांचे तुकडे करतात. एका तुकड्याची पोच आल्यावरच पुढचा तुकडा पाठवितात. तीत पासवर्ड नाही की अन्य बडेजाव नाही. ती इतकी लहान आहे की १२८ किलोबाइटांच्या बूटलोडरमध्येही मावते, आणि म्हणूनच आजही उपयोगी पडते.

प्रत्यक्ष कृती

टीपी-लिंक कंपनीच्या अनेक राउटरांत बूटलोडर स्वतःच संगणकाकडे फाइल मागतो. त्याची कृती पुढीलप्रमाणे आहे.

१. लॅपटॉपचे वायफाय बंद करावे. संगणकाची केबल राउटरच्या लॅन लिहिलेल्या जागेत लावावी. बाहेरून इंटरनेट येण्याच्या, बहुधा निळ्या रंगाच्या जागेत लावू नये.

२. संगणकाच्या लॅन जोडणीस १९२.१६८.०.६६ हा स्थिर आयपी पत्ता व २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा. हे आकडे संगणकावर इंग्रजी अंकांत लिहावयाचे असतात.

३. फर्मवेअर फाइल टीएफटीपी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवून तिला बूटलोडर मागतो तेच नाव द्यावे. नाव नमुन्याप्रमाणे बदलते. बहुधा त्यात नमुना, आवृत्ती व टीपी रिकव्हरी असे शब्द येतात. एका अक्षराचा किंवा लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. विंडोज संगणकावर फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरे दडविलेली असतात. ती दिसतील अशी व्यवस्था करावी, नाहीतर ती दोनदा लिहिली जातात.

४. प्रोग्रॅम चालू करून त्यास १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर बसवावे. संगणकाची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करावी. काम यशस्वी न होण्याचे सर्वांत मोठे कारण ही फायरवॉल असते. काम होताच ती पुन्हा चालू करण्यास विसरू नये.

५. राउटर बंद करावा. रिसेटचे बटण दाबून धरावे आणि तसेच धरून राउटर चालू करावा. सुमारे दहा सेकंद, अथवा डब्ल्यूपीएसचा दिवा लागेपर्यंत, बटण सोडू नये.

६. प्रोग्रॅमच्या खिडकीत फाइल मागितल्याची व ती पाठविली जात असल्याची नोंद दिसेल. मागितलेल्या फाइलचे नाव निराळे दिसल्यास आपल्या फाइलला तेच नाव देऊन पुन्हा प्रयत्न करावा.

७. फाइल गेल्यावर राउटर ती फ्लॅशमध्ये लिहितो. या काळात कोणत्याही बटणास अथवा तारेस हात लावू नये. पाच ते दहा मिनिटांत राउटर आपोआप पुन्हा चालू होतो.

८. संगणकाचा आयपी पत्ता पुन्हा आपोआप मिळण्याच्या स्थितीत आणावा व राउटरचे पान उघडून पाहावे.

नोंद काहीच न दिसल्यास केबल व पत्ता तपासून पाच-सहा वेळा प्रयत्न करावा. राउटर बंद-चालू करताना संगणकाची जोडणी क्षणभर तुटते व ती पुन्हा जुळेपर्यंत बूटलोडरची वेळ निघून जाते, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी राउटर व संगणक यांच्या मध्ये साधा लॅन स्विच जोडावा. संगणकाची जोडणी स्विचशी कायम राहते व काम साधते.

इतर कंपन्यांच्या राउटरांची रीत

एसुस कंपनीच्या राउटरांत रिसेटचे बटण दाबून धरून वीज दिली असता विजेचा दिवा संथपणे लुकलुकू लागतो. ही त्याची बचाव अवस्था होय. संगणकास १९२.१६८.१.१० हा पत्ता देऊन कंपनीच्याच फर्मवेअर रिस्टोरेशन या प्रोग्रॅमने फाइल पाठवावी. येथे राउटर फाइल मागत नाही. संगणकाने ती द्यावयाची असते.

डी-लिंकच्या अनेक नमुन्यांत बूटलोडर स्वतःचे एक लहानसे पान दाखवितो. रिसेट दाबून धरून वीज द्यावी, संगणकास १९२.१६८.०.२ असा पत्ता द्यावा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडावे. पानावर फाइल निवडून पाठविता येते. यात वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

नेटगिअरच्या पुष्कळ राउटरांसाठी एनएमआरपीफ्लॅश नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम मिळतो. तो चालू करून लगेच राउटरची वीज द्यावी लागते.

लिंक्सिसच्या काही नमुन्यांत फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. राउटर चालू होत असतानाच वीज तोडण्याची क्रिया लागोपाठ तीन वेळा केली असता तो दुसऱ्या प्रतीकडे वळतो. बियाण्याचा थोडा साठा वेगळा राखून ठेवावा तशीच ही व्यवस्था आहे. नवा राउटर घेताना दुबार फर्मवेअरची सोय असलेला नमुना परवडत असेल तर तो पसंत करावा.

बूटलोडरच बिघडला असल्यास

वरील कोणत्याही उपायास राउटर दाद देत नसेल तर बूटलोडर बिघडला असण्याचा संभव आहे. अशा वेळी राउटर उघडून आतील पट्टीवरील सीरियल जोडणीच्या टोकांना तारा लावून बूटलोडरशी बोलावे लागते, अथवा फ्लॅशची चिप प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाने पुन्हा लिहावी लागते. हे काम इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या माणसाने करावे. देवपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी हे काम समजणारी माणसे आढळतात.

काम करणाऱ्यास दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. राउटरची सीरियल जोडणी सामान्यतः ३.३ व्होल्टची असते. ५ व्होल्टचा संदेश दिल्यास चिप जळण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट, चिपवर काही लिहिण्यापूर्वी तिच्यातील संपूर्ण मजकुराची प्रत काढून ठेवावी. अखेरच्या भागातील रेडिओची मोजमापे त्या एका राउटरचीच असतात. दुसऱ्या राउटरची संपूर्ण प्रत उतरविली तर राउटर चालू होतो, पण वायफाय नीट चालत नाही.

प्रत्येक राउटर वाचतोच असे नाही. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांकडील सहा लाखांहून अधिक राउटर एका घातक प्रोग्रॅममुळे ७२ तासांच्या आत निकामी झाले व ते बदलून द्यावे लागले. दुरुस्तीचा खर्च नव्या राउटरच्या किमतीजवळ जात असेल तर नवा घेणेच हितावह होय. जुना राउटर उकिरड्यावर टाकू नये किंवा जाळू नये. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. त्यांस अनुसरून तो अधिकृत संकलन केंद्रात द्यावा.

राउटर चालू झाल्यानंतर

पुन्हा चालू झालेला राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा असतो. इंटरनेट कंपनीने दिलेले वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड त्यात पुन्हा भरावे लागतात. हे ज्यांच्याकडे लिहून ठेवलेले नसते त्यांचे काम राउटर दुरुस्त होऊनही अडते. कंपनीस दूरध्वनी करून ते मागून घ्यावे.

राउटरच्या कारभाराचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांकडील हजारो मोडेम एका घातक प्रोग्रॅममुळे बंद पडले होते. कारखान्यातून आलेला सर्वांस ठाऊक असलेला पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, त्यांची यंत्रे त्यास बळी पडली आणि निगमने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली. यावरून हेही ध्यानात येईल की, अपडेट फसण्याची भीती म्हणून अपडेट करणेच सोडून देणे योग्य नाही. जुन्या फर्मवेअरमधील उणिवा नव्याने भरून काढलेल्या असतात. अपडेट करावे, परंतु रीतीने करावे.

अपडेट करण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

१. आभाळ भरून आले असता, वारा सुटला असता किंवा वीज ये-जा करीत असता अपडेट करू नये. राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरी संच लावलेला असल्यास उत्तम.

२. विम्याच्या किंवा अनुदानाच्या अर्जाची अखेरची तारीख जवळ आली असता अपडेटचे काम पुढे ढकलावे. सेवा केंद्रात तर ही गोष्ट कटाक्षाने पाळावी, कारण तेथील एका राउटरवर अनेक शेतकऱ्यांचे अर्ज अवलंबून असतात.

३. तळावरील चिठ्ठीचे मोबाइलने छायाचित्र काढून ठेवावे. नमुना, आवृत्ती व पत्ता त्यावर असतो.

४. राउटरच्या मांडण्यांची प्रत काढून संगणकावर ठेवावी. इंटरनेट कंपनीने दिलेले नाव व पासवर्ड वहीत लिहावेत.

५. नव्या फाइलबरोबर सध्या चालू असलेल्या आवृत्तीची फाइलही उतरवून ठेवावी. प्रसंग पडल्यास तीच उपयोगी पडते.

६. अपडेट केबलने जोडलेल्या संगणकावरून करावे आणि पूर्ण होईपर्यंत यंत्राजवळच थांबावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील सेवा केंद्रांत वापरात असलेल्या राउटरांचे नमुने व आवृत्त्या यांची एक यादी करावी. त्या प्रत्येकाची फर्मवेअर फाइल, तिचे आवश्यक नाव, संगणकास द्यावयाचा पत्ता आणि टीएफटीपीचा प्रोग्रॅम एका पेन ड्राइव्हवर साठवून, सोबत एक चांगली लॅन केबल ठेवावी. हे साहित्य हाताशी असले म्हणजे मुदतीच्या दिवशी बंद पडलेला राउटर बहुधा अर्ध्या-पाऊण तासात चालू करता येईल आणि रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यांना अर्ज न भरता परत जावे लागणार नाही.